शरयूबाईंच्या कपाटातली सात पत्रं

मंगळवारी दुपारी कळंबला शरयूबाईंच्या कपाटासमोर फरशीवर बसले होते... हातात एक पत्र, आणि पंख्यानं बाकीचे कागद खोलीभर उडवले तरी मला पत्ता नाही.

शरयूबाई गेल्या वर्षी वारल्या, नव्वदीला टेकल्या होत्या. हैदराबादच्या महिला कॉलेजातून बी.ए. झालेल्या, लग्नानंतर चार वर्षांत विधवा झालेल्या. वाट्याला आलेली जमीन विकून त्यांनी कळंबला मुलींचं वसतिगृह काढलं. खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुली तिथं राहून शिकल्या... पाचवी ते दहावी मीही.

आता मी धाराशिवला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. बाईंचे खाजगी कागद आमच्या लायब्ररीत जतन करायचं ठरलं, म्हणून ते लावायला आणि त्यांची यादी करायला रजा काढून गेले होते.

सकाळ मजेत गेली. कॉलेजच्या नाटकातला फोटो सापडला, त्यात बाई चक्क मिशा लावून उभ्या! मग माहेरची पत्रं, जुन्या मुलींची पत्रं... आणि सगळ्यात खाली दोऱ्यानं बांधलेलं एक खाकी पाकीट.

आत सात पत्रं. खेड्यातल्या पालकांना लिहिलेली, एकावरही सही नाही. ‘तुमची लेक जिथं ठेवली आहे त्या घरात कोण पुरुष येतात-जातात याची चौकशी करा...’ पुढचं मला इथं लिहवत नाही. पालकांनीच ती बाईंना आणून दाखवली असणार.

पण मी गोठले ते मजकुरानं नाही. ते अक्षर माझ्या अण्णांचं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेत गुरुजी होते. मी स्वतःला समजावत होते की असेल कुणाचं तरी सारखं अक्षर... पण पाकिटात बाईंनी एका मुलीचा शाळेचा दाखलाही ठेवला होता. तेच अक्षर, आणि खाली अण्णांची सही.

सोबत बाईंच्या डायरीचं एक पान. ‘आज पालकांनी आणखी चार मुली घरी नेल्या. एकूण अकरा. द्वारका रडत गेली. अक्षर कुणाचं ते समजलं.’

मोबाईलवर फोटो काढले आणि मिळेल ती एसटी पकडून गाव गाठलं. अण्णा ओसरीवर बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. एक्याऐंशी वर्षांचे आहेत. मी पाणीसुद्धा न पिता फोन पुढं धरला.

“अण्णा, हे कुणाचं अक्षर?”

त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.

“माझंच हाय. बाईंनी ठिवली व्हय ती पत्रं?”

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील... निदान चिडतील तरी.

मग त्यांनी सांगितलं. माझी आत्या त्या वसतिगृहात होती. पंधराव्या वर्षी अण्णांनी तिचं लग्न ठरवलं, तिनं बाईंना सांगितलं, आणि बाईंनी घरी येऊन ते मोडायला लावलं. “गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हायली न्हाय असं वाटलं मला. डोक्यात राख घालून घेतली.”

“अकरा मुली घरी बसल्या, अण्णा.”

“ठावं हाय. द्वारका माझ्याच शाळंतली. लई हुशार. घरी आणली, लगीन लावलं, सोळाव्या वर्षी बाळंतपणात गेली.” हातातली शेंग त्यांनी खाली ठेवली. “तिच्या मातीवरनं उठलो ते थेट बाईंकडं गेलो.”

“काय म्हणाल्या?”

“पायाला हात लावाय वाकलो तर पाय मागं घेतले. म्हणल्या, ‘माफी माझ्याकडं मागू नका, गुरुजी. तुमची मुलगी मोठी झाली की इथं आणून सोडा. सगळ्या गावादेखत.’ तू तवा वर्साची होतीस.”

मी उठून आत गेले. त्या संध्याकाळी आम्ही दोघंही जेवलो नाही.

सकाळी निघताना मी खरं ते बोलले. म्हटलं, ते पाकीट मी बाजूला ठेवलं तर कुणाला कळणारही नाही. अण्णा म्हणाले, “न्हाय. यादीत माझं नाव घाल. आता तरी निनावी नको.”

काल ते नाव यादीत टाईप केलं. हे पोस्ट करतेय तेही त्यांना विचारूनच. राग गेलाय असं म्हणणार नाही... फोनवर अजून नीट बोलता येत नाही त्यांच्याशी.

आणि बाई! सहा वर्षं मी त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मला टायफॉईड झाला तेव्हा उशाशी बसून पट्ट्या बदलल्या त्यांनी. मी कुणाची मुलगी आहे, हे एका शब्दानं जाणवू दिलं नाही.

‘त्या काळात माझ्या वडिलांनी मला शिकायला बाहेर ठेवलं’ असं मी किती समारंभांत अभिमानानं सांगितलंय... यापुढं खरं तेच सांगेन. माझ्या आधी अकरा मुलींचं शिक्षण माझ्याच घरानं तोडलं होतं, आणि बाईंनी द्वारकेच्या जागी मला मागून घेतलं.