नळीमामा

पोटाची तक्रार घेऊन कुणी दवाखान्याची पायरी चढला की नळीमामा त्याच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. माणूस एका बोटाने छातीखालची जागा दाखवतोय की सगळ्या पोटावरून तळवा फिरवतोय, एवढ्यावर त्यांचा निम्मा अंदाज बांधून व्हायचा. "बोटवाल्याची आग जास्त, डॉक्टर. तळव्यावाल्याची चूल मंद," असं ते मला हळूच सांगत. मी पुण्याहून डॉक्टरी पास होऊन आमच्या गावी परतलो होतो आणि तिथल्या मंगळवार पेठेतल्या वडिलांच्या दवाखान्यात नुकताच बसू लागलो होतो. वडील वारले होते, आणि दवाखान्याबरोबर त्यांचे हे कंपाउंडर माझ्याकडे आले होते.

नळीमामा हे नाव पेशंटांनी ठेवलेलं. काही म्हाताऱ्या माणसांच्या जठरात आम्ल कमी पडतं. दोन घासांत पोट गच्च होतं, अन्न पचत नाही. अशांना वडील पातळ केलेल्या आम्लाचं मिक्श्चर देत. ते दातांना लागू नये म्हणून काचेच्या नळीने ओढायचं असे. मामा नळी धुऊन, कागदात गुंडाळून देत आणि पेशंटाला समोर बसवून एकदा ओढायला लावत. एक निवृत्त मास्तर यावर चिडले.

"अहो, मी काय तान्हं बाळ आहे?"

"बाळाला दातच न्हाईत, त्याला कशाचं भ्या? तुमचं चार उरल्यात मास्तर, ते तरी ऱ्हाऊ द्या की!"

सगळा दवाखाना हसला. महिन्याभरात मास्तर पुन्हा भाकरीवर आले.

मी त्या दिवसांत आंबट ढेकर म्हटलं की सोडा लिहून मोकळा होत असे. मामा चिठ्ठी घेऊन पडद्याआड येत. "ह्या आजीला सोडा नगो वाटतोय, डॉक्टर. चूल हाय तवर शिजतंय. इझवून बसला तर खायाचं काय?" हे ते पेशंटासमोर कधीच बोलले नाहीत. माझी अब्रू त्यांनी पडद्याआड जपली. मी त्यांची चारचौघांत घालवली.

त्यांची एक सवय मला खुपत असे. दर दोन तासांनी ते बाटल्यांच्या कपाटामागे जाऊन भाकरीचा चतकोर चावत, वर घोटभर दूध घेत. एकदा एका वकिलांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "काय डॉक्टर, औषधाच्या टेबलावर पंगत बसते वाटतं?" मला ते फार लागलं. मी तिथल्या तिथे मोठ्याने म्हणालो, "मामा, उद्यापासून दवाखान्यात खाणं बंद. काय खायचं ते घरी."

मामा म्हणाले, "बरं."

एकेका बाटलीवरून माझ्याशी वाद घालणारा माणूस एका शब्दात गप्प बसला, याचं मला काहीच वाटलं नाही. पुढे अकराच्या सुमाराला बाटल्यांना डोसाच्या पट्ट्या चिकटवताना त्यांचं एक बोट छातीखाली दाबलेलं दिसे. मी ते पाहत होतो. त्या बोटाचा अर्थ मला त्यांनीच शिकवला होता.

तिसऱ्या महिन्यात ते दवाखान्यातच कोसळले. दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, हे मामींनी नंतर सांगितलं. जठराच्या तोंडाशी जुना व्रण होता, तो वाहू लागला होता. हॉस्पिटलात त्यांच्या खाटेशी बसून मी विचारलं, "मामा, भाकरी त्यासाठी खात होता, तर मला सांगितलं का नाहीत?"

"थोरल्या डॉक्टरांस्नी ठावं हुतं," ते म्हणाले. "तुमी कवातरी इचारशिला, म्हनून थांबलोतो."

चौथ्या दिवशी ते गेले.

व्रण माझ्या हुकमाने झाला नव्हता. तो आधीचाच होता. पण रिकाम्या पोटातलं आम्ल त्या जखमेवरच पडतं, आणि दर दोन तासांचा तो घास त्याला दुसरं काम देत होता. तो मी काढून घेतला. रक्त त्यामुळेच वाहिलं, असं कुठलंही पुस्तक ठामपणे सांगत नाही. मी पुष्कळ पुस्तकं पाहिली. कशासाठी पाहिली, हे मला ठाऊक आहे.

तेराव्यानंतर मामी गडहिंग्लजला भावाकडे राहायला निघाल्या. जाताना दवाखान्यात आल्या. सगळं सांगून टाकायचं मी ठरवून बसलो होतो.

"लय केलासा त्यांच्यासाठी," त्या म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसून विचारलं, "पर येकदम कसं ओ झालं, डॉक्टर? घरात तर येळच्या येळी खात हुतं की."

त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, "मामी, निघा आता. एसटी चुकेल तुमची."

गाडीला अजून तासभर अवकाश होता.