आत्याच्या हातचं पाणी

सोजरआत्या गेली हे मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. उमरग्याच्या स्टँडसमोरून मी कॉलेजला निघाले होते. आमच्या गावाकडून आलेली गाडी थांबली आणि दारातूनच तो म्हणाला, "बाई, आत्या गेल्या तुमच्या. पहाटं." मी त्याला विचारलं, "कुठं?" शहाणा माणूस, त्यानं उत्तर दिलं नाही. "हीच गाडी माघारी जायची हाय, बसा," एवढंच म्हणाला. लोहाऱ्यापर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते. श्रावणातली हिरवी रानं मागं पळत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं मात्र बहात्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यातला पांढरा माळ तरंगत होता. आत्या आठवली की मला अजूनही आधी ऊनच आठवतं... ती गेली त्याला आता दीड महिना होत आला.

सोजरआत्या माझ्या वडिलांची, आबांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. माझ्या आईला पोरं झाली, पण आम्हाला वाढवलं आत्यानं. मी कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला जगातल्या धर्मांची ओळख शिकवते. पहिल्या तासाला विचारते, धर्म म्हणजे काय? कुणीतरी हमखास म्हणतं, देवाला मानणं. "आणि मागायला देवच नसला तर?" असं मी मग विचारते. हा प्रश्न माझा नाही. तो मी दहा वर्षांची असताना आत्याला विचारला होता, खडीच्या ढिगाऱ्यावर बसून, हातात दुष्काळात वाटायच्या त्या सुकडीचा लाडू धरून.

दुष्काळी कामावर आत्या आणि माय खडी फोडायच्या. दुपारी सुट्टी झाली की सगळी माणसं बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत आडवी व्हायची. आत्याला झोप नसायची. ती मला घेऊन हिंडायची. लांबवर जमिनीपासून वीतभर वर पाणी हलल्यासारखं दिसायचं आणि त्यातून माणसं चालत यायची, पाय नसलेली. त्या उन्हाळ्यात जो तो आपापल्या परीनं पाऊस मागत होता. पोरं मुसळाला बेडूक बांधून, वर लिंबाचा पाला लावून दारोदार 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत फिरायची आणि बाया त्या बेडकावर चमचाभर पाणी टाकायच्या. त्याहून जास्त टाकायची ऐपतच नव्हती. एकदा कोरड्या ओढ्यात गावातली मुसलमान मंडळी नमाजाला उभी राहिली होती. अंगावरची शाल त्यांनी उलटी करून घेतली होती, दुआ मागताना तळहात जमिनीकडं केले होते. आत्यानं इमामभाईंना सरळ विचारलं, "भाई, हात पालथे का वो?" ते म्हणाले, "हालत पलटाया पायजे ना, बाई. म्हून समदं उलटं." आत्याला ते फार पटलं. दोन दिवस ती ज्याला त्याला सांगत होती. हे मी खरंच पाहिलं की तिच्या सांगण्यातून माझ्या डोळ्यांत उतरलं, आता सांगता येत नाही...

आमच्या वस्तीत मात्र कुणी काही मागत नव्हतं. पत्र्याच्या लहानशा विहारात संध्याकाळी वंदना व्हायची, मेणबत्ती लागायची, संपलं. मला त्याची लाज वाटायची. मी विचारलं, "आत्या, आपन कुनाला मागायचं?" ती म्हणाली, "आपल्यात मागत न्हाईत." "मग पाऊस कसा येनार?" "यायचा तवा येतो, बाई. मागितल्यानं आला असता तर गावावर ही येळ आली असती का?" "मग वंदना कशाला करतेत?"  ती म्हणाली, "तान लागली म्हंजी मानूस वंगाळ वागतंय. तसं वागू ने म्हून."

आणि तसंच झालं, आमच्याच घरात. गावातल्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या. वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला, त्यामुळं आमच्या आडात तेवढा झरा टिकून होता. गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. म्हणजे उंबऱ्याला चिखल लिंपून पिंड बुडेपर्यंत गाभारा पाण्यानं भरायचा. देव गुदमरला की पाऊस पाडतो अशी समजूत. पण भरायला पाणी कुठलं? शेवटी देवळाचे पुजारी, गुरवआप्पा, रिकाम्या घागरी घेतलेल्या चारपाच माणसांना घेऊन आमच्या आडावर आले. आजवर या आडाकडं गावातलं कुणी फिरकलं नव्हतं. बरोबरचा एकजण कुजबुजला, "आप्पा, हितलं पानी देवाला चालतंय का?" आप्पा चिडले. "आरं, त्याला गुदमरवायचाय. गुदमरताना कोन इचारतंय पानी कुठलं म्हून?"

आबा घागरींच्या पुढं जाऊन उभे राहिले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक आबांनी स्वतःच्या हातानं तेरणा नदीत सोडले होते. त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती म्हणे, आणि आजा त्यांच्याशी पुढं वर्षभर बोलला नव्हता. एवढं सोसून सोडलेल्या देवासाठी आता पाणी द्यायचं? "माघारी जा," ते म्हणाले. "प्यायला मागा, रातंदिस शेंदून देतो. देवाला थेंब मिळनार न्हाय." ते चुकत होते असं मला आजही म्हणवत नाही.  आप्पा जायला वळले तेव्हा त्यांचे ओठ फाटलेले दिसले, आणि आत्यानं पोहरा आडात सोडला. एकामागून एक तिनं सगळ्या घागरी भरल्या. कुणी तिला अडवलं नाही. आबा नुसते बघत होते.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "आक्का, तू देवाला पानी दिलंस." आत्या म्हणाली, "म्या आप्पाला दिलं. त्यो तान्हेला हुता." "त्यो न्हवता तान्हेला!" "असंना. कुनाला कशाची तान हाय ते इचारून पानी द्यायचं असतं का, शामा?" आबांचा चेहरा पडला. "मग आजपास्नं," ते म्हणाले, "तुज्या हातचं पानी मला नगं."

पाऊस काही आला नाही. आला असता तर गावाला तोंड भरून बोलता आलं असतं आणि न बोलता आबाही हरले असते. गाभाऱ्यातलं पाणी फटीफटींतून झिरपून गेलं आणि महादेव पुन्हा मोकळा श्वास घ्यायला लागला. माणसं मात्र कोंडलेलीच राहिली. पुढं पावसाळे नीट झाले, माकणीला धरणाचं काम निघालं, बांधाबांधावर ढोकीच्या कारखान्याला ऊस घालायच्या गप्पा सुरू झाल्या, मी शिकले, नोकरीला लागले. पण आबांनी आत्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. बोलणं बंद नव्हतं, बरं का. दिवाळीला साडी आणायचे, तिला ताप आला तर लोहाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, तिनं थापलेली भाकरी मुकाट खायचे. माय टोमणा मारायची, "पीठ काय वाऱ्यानं मळलंया?" आबा घास चावत राहायचे. ते शेतातून आले की आत्या रांजणाजवळून उठून बाजूला सरायची, म्हणजे त्यांना स्वतःला घेता यावं. ते तिचं बाजूला सरणं मला बघवत नसे. पिढ्यान्‌पिढ्या आमची माणसं गावच्या पाणवठ्यावर तशीच सरत आली होती, आणि आता आमच्याच घरात, आमच्याच माणसासाठी ती सरत होती. हे मी आबांना एकदा तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "तू पुस्तकं शिकीव." आत्याकडं कुरकुर केली तर ती हसायची. "त्यानं शबूद दिलाय ना स्वतःला? त्यो तर त्याचा धर्म हाय. आपन कशाला मोडायचा?"

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी तिनं अंथरूण धरलं. मी सुट्टीत घरीच होते. एका दुपारी आबा रानातून आले, घामानं निथळत. माय पाण्यासाठी उठली. "तू बस," ते म्हणाले आणि आत्याच्या खाटेशी जाऊन जमिनीवर टेकले. "आक्का, पानी दे."

 आत्यानं डोळे उघडले. उशाला तांब्या होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला. तो तिला पेलवेना, अर्धं पाणी गोधडीवर सांडलं. मी पुढं झाले तर आबांनी नजरेनंच थांबवलं. त्यांनी खाली वाकून ओंजळ पुढं केली. लहानपणी गावात त्यांना असंच पाणी मिळायचं, वरून, ओंजळीत. भांड्याला तोंड लावायची सोय नव्हती. तीच जुनी सवय हातात आली असावी. आत्यानं तांब्या मागं घेतला.

"वंजळ न्हाय," ती म्हणाली. "तोंड लावून पी."

आबांनी तांब्याला तोंड लावलं. पीत असताना ते रडत होते आणि आत्या गालांतल्या गालांत हसत होती, धाकट्या भावाची खोड मोडल्यासारखी.

मागच्या रविवारी मी घरी गेले होते. तिची खाट भिंतीला उभी करून ठेवलीय. आबा दुपारी आले की अजून त्याच जागी जमिनीवर बसतात. मी तांब्या भरून नेला. त्यांनी घेतला, तोंड लावून अर्धा प्याले आणि मला परत दिला. उन्हातून आलेला माणूस, ओठ वाळलेले. म्हटलं, "आबा, आनखी घ्या की."

"नगं," ते म्हणाले. "आक्कानं एवढंच दिलतं."