नानांची वेगळी परात

२० एप्रिल. उडदाचे पापड. ऊन चढायच्या आत लाटून वाळत घालायचे, म्हणून शेजारच्या अक्का पोळपाट-लाटणं घेऊन सकाळीच आल्या. धुळ्यात आमच्या गल्लीत पापड एकटीने कुणी लाटत नाही.

यंदा पीठ दोन परातींत होतं. मोठी सगळ्यांची, लहान माझ्या सासऱ्यांची. नानांचं हृदय कमजोर. मध्यंतरी पायांना सूज चढून दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हापासून मीठ बंद. सूज उतरली, पण जेवणही उतरलं. दोन घास खाऊन ताट सरकवायचे.

"जेल मा बी यानापेक्षा चांगलं भेटस," आजही म्हणाले.

"कधी जाई उनात, नाना?" नाना खरंच जेलमध्ये जाऊन आल्यासारखं अक्कांनी विचारलं.

लहान परातीत मी मीठ घातलं नाही. "मंग खार जास्त टाक," अक्का म्हणाल्या, "चव येई." पटलं. पापडखाराचं पाणी सढळ हाताने घातलं, पीठ कुटलं, लाट्या केल्या. तेलात बुडवलेली कच्ची लाटी आमच्याकडे लहानथोर सगळेच मागतात. नानांनी हात पुढे केलाच. देण्याआधी मी चाखली. खारट!

मिठाचा कण नाही, मग खारट कशी? खाराचं पाकीट शोधलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सोडियम. ज्या सोडियममुळे मीठ बंद केलं, तेच मी ओंजळीने घातलं होतं.

मुलीने जळगावहून कमी सोडियमचं मीठ आणलं होतं, तेही काढून वाचलं. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम. खाली सूचना: मूत्रपिंडाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारा. चिमूटभर जिभेवर ठेवलं. आधी खारट, मागून कडवट. डॉक्टरांना फोन लावला.

"नको," ते म्हणाले. "त्यांच्या गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढतं. लिंबू, लसूण वापरा."

"म्हणजे मीठ बी, खार बी, बठ्ठंच बंद," नाना म्हणाले आणि न जेवताच जाऊन पडले. त्यांच्या लाट्या मी मोठ्या परातीत मिसळून टाकल्या.

२१ एप्रिल. सकाळी वाटीभर उडदाचं पीठ घेतलं. मीठ नाही, खार नाही. लसूण, जिरं, लाल मिरची कुटून घातली, लिंबू पिळलं. एक पापड लाटून ओलाच तव्यावर भाजला. फुलला नाही. नानांनी तुकडा मोडला, बराच वेळ चावला.

"हाऊ पापड शे का चप्पल?" म्हणाले, आणि दुसरा तुकडा मोडला.

मी पुढची लाटी पोळपाटावर घेतली.