तांदळात लिहिलेलं नाव

दादाच्या लग्नात वहिनीचं नवं नाव मी निवडलं, कानाला गोड वाटलं म्हणून. दादाने ते ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं आणि पुढे रेशनकार्डावरही तेच चढलं.

वर्षभराने मी बारावी झाले. वहिनी माहेरी, डोळखांबला असतानाच झाली होती, तीही माझ्याहून जास्त मार्कांनी. डीएडचा अर्ज भरायला आम्ही दोघी मुरबाडहून शहापूरला गेलो. वहिनीची मार्कशीट आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून कागद तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "आडनाव बदललेलं समजलं, पण नावही वेगळं? राजपत्रात छापून आणा." ते छापून येईपर्यंत प्रवेश संपले होते. मला मिळाला, मागोमाग नोकरीही. वहिनी भाताच्या खाचरात राबत राहिली. मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे तिला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पाळण्यावर वाकले आणि तशीच मागे सरले.

"वहिनी, तूच सांग."

"आत्याचा मान हाय, तूच ठेव गो," ती हळूच म्हणाली. "फक्त लग्नात कोणाला बदलू नको देऊस."