दाजींचं खोटं यंत्र

आमच्या दाजींइतका संशयी माणूस उदगीरच्या पंचक्रोशीत दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मिस्टर. एखादी वस्तू नीट चालताना दिसली, की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. नवा इन्व्हर्टर आणला, तर वैशाखातल्या दुपारी स्वतःच मेन स्विच पाडून बसून राहिले. शेजारी म्हणाले, "चाललाय की छान!" तर म्हणतात, "चालतंय ते कुणालाबी दिसतंय. चार्जिंग संपताना कसं वागतंय, ते बघायलोय."

हा स्वभाव त्यांच्या कामाला मात्र फार मानवला होता. घरी बसून ते एका कंपनीसाठी ड्रायव्हर लिहीत. गल्लीतल्या लोकांना ते जीपचेच ड्रायव्हर वाटत. माहूरला जायचं भाडंही विचारून जात. पण हा ड्रायव्हर म्हणजे संगणकाचा गाभा आणि बाहेरचं यंत्र यांच्यामधला दुभाषा प्रोग्राम. खरं यंत्र हाताशी नसे, म्हणून दाजी संगणकातच एक खोटं यंत्र उभं करत आणि त्याला दुभाष्याशी मनसोक्त लबाडी करायला लावत. कधी ते भलतेच आकडे सांगे, कधी अर्ध्यातच गप्प होई. दुभाषा फसला, की दाजींचं जेवण राहिलं. अक्का म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या लबाडाशीच जास्ती संसार चाललाय ह्यांचा."

अक्काच्या किडन्या गेल्या, त्या वर्षी दुष्काळ होता. डायलिसिसला गावातलाच एक दवाखाना. तिथं टँकरचं पाणी शुद्ध करून वापरत; ते अशुद्ध राहिलं, तर थेट रक्तात विष. उदगीर जिल्हा झाला की डायलिसिसचं दुसरं यंत्र येईल, असं सगळे म्हणायचे. जिल्हा काही होत नव्हता. त्या पाण्याची शुद्धता मोजणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर दाजींचाच. खोट्या सेन्सरला मध्येच मुकं करून पाहिलं, तेव्हा त्यांना दिसलं होतं, की ड्रायव्हर शेवटचा चांगला आकडाच पुन्हा पुन्हा सांगत बसतो. कंपनीला घाई होती. दाजींनी भांडून ते बदललं. सेन्सर गप्प झाला, की शुद्धीकरणाचं यंत्रच बंद.

एका सकाळी ते बंद झालं. क्षार साचून सेन्सर खरंच मुका झाला होता. अक्कासकट सगळे पेशंट ताटकळले. डॉक्टरांनी दाजींना बोलावून विचारलं, "सेन्सर वगळून चालू करता येईल का?"

"येतंय की. पण पाणी कसंय, ते कुणालाच ठावं न्हाई."

अक्का सुजलेल्या चेहऱ्यानं ऐकत होती. "अहो, राहू द्या मग," ती म्हणाली.

लातूरला पाण्याची त्याहून बोंब, म्हणून आम्ही तिला जीपमध्ये घालून नांदेडला निघालो. नायगावच्या पुढं तिला धाप लागली. दाजी तिचा हात धरून नुसतं "आलं, आलं नांदेड" म्हणत होते. पोचलो, तेव्हा ती गेलेली होती. बाकीचे पेशंट दुसऱ्या दिवशी नवा सेन्सर बसल्यावर निभावले.

तेरावा झाला आणि कंपनीचा फोन आला. यंत्रं फार बंद पडतात अशा तक्रारी आहेत, तो बदल मागे घ्या. दाजी "न्हाई" म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले.

"पाणी चांगलं असंल का रे त्या दिवशी?"

तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. दाजी उठले, मोरीवरची अक्काची कळशी घेतली आणि बायकांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. बायकांनी त्यांना पुढं जागा करून दिली.