कावड खाली टेकवायची नाही

छुन्... छुन्... छुन्...

पहाटेच्या काळोखात औरंगाबाद रस्त्याकडून येणारा हा आवाज मी लहानपणी गोधडीत पडून ऐकायचो. तेव्हापासून मला कावडीचं वेड. आमचं गाव घोडेगावच्या जवळच. चैत्रात भैरोबाची जत्रा भरते. त्या दिवशी गावची माणसं प्रवरासंगमाहून गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी खांद्यावर घेऊन पळत येतात. बांबूच्या दोन टोकांना दोन तांब्याच्या कळशा आणि बांबूला घुंगरं. वाटेत खांदे बदलायचे, पण कावड जमिनीला टेकवायची नाही. टेकली तर ते पाणी देवाला चालत नाही.

या एका नियमापायी किती किस्से झाले! किश्श्यांचं असं असतं, एक सांगायला घेतला की दुसरा दाराशी येऊन खाकरतो. मी मुळात हळू बोलणारा, त्यामुळे माझ्या दाराशी नेहमी गर्दी.

* * *

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमच्या घरातलं कुणी कधी कावडीला लागलं नव्हतं. वडील जन्मभर रस्त्याच्या कडेला उभं राहून हात जोडत आले. मी धीर करून कावडीचे पुढारी महादूनाना यांच्याकडे गेलो.

"पळाया येतं का?" नानांनी विचारलं.

"येतं की!"

"मग तुझं काम न्हाई. पळनारी लई हाईत. पानी न सांडता पळनारा पायजे."

शेजारी कोंडिबा बसला होता. पळण्यात सगळ्यांच्या पुढे, आणि तोंडाने त्याच्याही पुढे. तो म्हणाला, "घ्या की नाना त्याला! औंदा सांडाया पानी हायच कुटं?"

नाना हसले. तेवढ्यावर मी कावडीत आलो.

* * *

प्रॅक्टिसला कळशांत पाणी भरणं त्या वर्षी पाप होतं. म्हणून मडक्यांत माती भरून पळायचो. मातीत सांडलं की नाही कसं कळणार? नाना रस्त्याकडे पाठ करून बसायचे आणि नुसती घुंगरं ऐकायचे.

"शिरपा, थांब. सांडलं."

"नाना, माती हाय!"

"माती हाय म्हनून वाचलास. पानी असतं तर पाव कळशी गेल्ती."

मी मडक्यात बघायचो आणि नानांच्या पाठीकडे बघायचो. अजून मला त्यांचा चेहरा आठवत नाही इतकी ती पाठ आठवते.

* * *

एक दिवस माझ्या मागून एष्टी आली. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "काय पाव्हनं, येता का? हाफ तिकीट लावतो!"

खिडक्यांतून माणसं हसली. मला चेव आला. मी एष्टीच्या बरोबरीने सुटलो. पोरं टाळ्या वाजवायला लागली, एका म्हातारीने मला हात केला. मी तिच्याकडे बघितलं आणि पाय चाकोरीत गेला. घोट्यात कट्कन आवाज झाला. दोन्ही मडकी फुटली आणि मी त्या मातीत बसलो.

कोंडिबा धापा टाकत आला. त्याने एष्टीकडे बघितलं, मडक्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"उतरलास व्हय? गाव लांब हाय अजून!"

* * *

घोटा सुजून नारळाएवढा झाला. हुसेनभाई घोडेगावच्या बाजारात बैलांना नाल मारायचे, ते बघायला आले. पाय मांडीवर घेतला, उलटासुलटा फिरवला आणि उसासा टाकला.

"बैल असतास तर आजच बाजार दाखव म्हनलो असतो."

माझ्या आईने डोळ्याला पदर लावला. तेव्हा घाईघाईने म्हणाले, "अगं भाबी, गिऱ्हाइक मिळालं असतं!"

मग गपचूप आंबेहळद उगाळून त्यांनी स्वतःच्या हाताने लेप लावला. पुढेही रोज कामावरून येताना लावून जायचे. पैशाचं नाव काढलं की म्हणायचे, "नाल ठोकली का तुला? मग कशाचे पैसे?"

* * *

आमच्या पारूआत्या पायाळू. म्हणजे जन्मताना पायाकडून आलेल्या. पायाळू माणसाने पाय लावला की पाठीतली उसण जाते अशी आमच्याकडे समजूत. आई त्यांना घेऊन आली. उसण पाठीची, मी घोट्याचा, हा फरक दोघींपैकी कुणाच्याच ध्यानात आला नाही!

आत्या अंगाने भरभक्कम. देवाचं नाव घेऊन त्यांनी थेट घोट्यावर पाय दिला. मी असा ओरडलो की गोठ्यातली गाय दावं तोडून गेली.

आत्या प्रसन्न होऊन आईला म्हणाल्या, "ऐकलंस? उसन निघाली!"

* * *

शेवटी कंपाउंडरकडे नेलं. त्याने पट्टी बांधली आणि बजावलं, "महिनाभर पाय जमिनीला टेकवायचा नाही."

नाना म्हणाले, "म्हंजी त्याचीच कावड झाली म्हना!"

सगळे हसले, मी नाही. जत्रेला महिनाच उरला होता. घरी येताना नाना माझ्या काठीच्या चालीने चालले. म्हणाले, "पाय बसला तर शेवटचा टप्पा तुझा. फाट्यापासून येशीपर्यंत. न्हाई बसला तर फुडल्या साली."

"फुडल्या साली तुमी घ्याल?"

"मी असलो तर."

तो महिना मी रोज पहाटे काठी टेकत रस्त्यावर जायचो आणि नानांशेजारी रस्त्याकडे पाठ करून बसायचो. आधी सगळी घुंगरं सारखीच वाटायची. मग एका पहाटे मी न बघता म्हणालो, "कोंडिबा हाय. डाव्या खांद्यावर."

 नानांनी तंबाखूची चंची माझ्यापुढे केली. त्या आधी ती कुणापुढे केलेली मी पाहिली नव्हती.

* * *

त्या वर्षी कावड न टेकता वेशीत पोचली, हे गावाला ठाऊक आहे. मधलं ठाऊक नाही.

पट्टीच्या आधाराने का होईना, पाय बसला होता. फाट्यावर कोंडिबाने माझ्या खांद्यावर कावड दिली आणि रीतीप्रमाणे गावाला वर्दी द्यायला तो पुढे पळाला. बाकीचे दमून मागे राहिले होते. ऊन चढलं होतं. निम्म्या वाटेवर घोटा पुन्हा गेला. पट्टी सुटून पायात आली. मी एका पायावर उभा. वाकता येईना, कावड ठेवता येईना. कळशा हेलकावे खायला लागल्या.

आडव्या पायवाटेने एक बाई येत होती. आमच्या गावची नव्हती. डोक्यावर दोन घागरी, दोन्ही रिकाम्या. ओठ फुटलेले. तिने माझ्या पायाकडे बघितलं. घागरी उतरवून धुळीत ठेवल्या, पदर खोचला आणि सरळ येऊन बांबूखाली खांदा लावला.

बाईमाणसाने कावडीला शिवायचं नाही अशी आमच्याकडे रीत. मी तोंड उघडलं आणि मिटलं. खाली बसून पट्टी आवळायला लागलो.  वरती एकही घुंगरू वाजत नव्हतं.

मी उठताना बांबू जरासा कलला आणि कळशीतले चार थेंब तिच्या मनगटावर पडले. तिने ते कपाळाला लावले, ओठांना नाही.

कावड माझ्या खांद्यावर आली. तिने ती नीट बसली का ते हाताने चाचपून बघितलं. मग घागरी उचलल्या, डोक्यावर चढवल्या, आणि आपल्या वाटेने निघून गेली.