काच काही वर जाईना

पुण्याहून हिंगोलीकडे निघालो तेव्हा बायकोनं बजावलं, "गाडीचं कौतुक प्रत्येकाला ऐकवत बसू नका." गाडी खरं तर जुनीच होती, सेकंडहँड घेतलेली. नवी होती ती माझ्या डोक्यातली हवा. साल दोन हजार चार, मार्च महिना, आणि बटन दाबलं की काच खाली-वर होणाऱ्या गाडीचा मी आयुष्यात प्रथमच मालक झालो होतो. जालना येईपर्यंत मी कारण नसताना काचा खाली-वर करत होतो.

नरसी नामदेवला माझी थोरली बहीण राहते. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मोतीबिंदूनं तिचे दोन्ही डोळे धूसर झाले होते आणि एकाचं ऑपरेशन नांदेडला ठरलं होतं. भाच्यानं जीप सांगून ठेवली होती. ती मी रद्द करायला लावली. म्हटलं, "माझ्या गाडीत धुळीचा कण आत येणार नाही!"

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "धूळ, वारा अजिबात लागू देऊ नका. डोळा चिघळला तर हाती काही राहायचं नाही." मी मान डोलावली. काचा होत्याच ना!

आखाडा बाळापूरच्या पुढं रस्त्याकडेला टरबुजं दिसली. अक्काला टरबूज फार आवडतं. मी माझ्या बाजूची काच खाली केली, टरबूज घेतलं आणि बटन वर ओढलं. काच ढिम्म. पुन्हा ओढलं. काहीच नाही. तेवढ्यात एक ट्रक धुरळा उडवत शेजारून गेला. माझ्या मागच्या सीटवर बसलेल्या अक्कानं पदर तोंडावर घेतला.

"काच लाव ना रे. काहून थांबला?"

"काचेची मोटर जळली, अक्का."

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि त्यातही वीज म्हणजे माझा हातखंडा विषय. जळल्याचा वास नव्हता, धूर नव्हता. पण मी बोललो म्हणजे बोललो. डब्यातल्या चमच्यानं मी दाराचं आतलं आवरण उचकटलं. तीन क्लिपा कडाकडा तुटल्या. आत वायरी आणि काच उचलणारा एक लोखंडी हात होता. माझे विद्यार्थी फळ्याकडे ज्या चेहऱ्यानं बघतात, त्याच चेहऱ्यानं मी ते बघितलं.

शेवटी खिडकीत चादर कोंबली. उचकटलेलं आवरण अक्कानं ढालीसारखं तोंडापुढं धरलं, आणि बैलगाडीच्या चालीनं आम्ही कळमनुरी गाठली. नेमका बाजाराचा दिवस! गर्दीतून वाट काढत एका गॅरेजसमोर थांबलो. मालक हमीदभाई पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी गाडीकडे बघितलंही नाही.

"आधी अम्मांना आतल्या खोलीत बसवा. गाडी कुठं पळून जात न्हाई."

अक्का आत बसल्यावर ते दाराशी आले. "बाकीच्या काचा चालतात?"

"चालतात."

"मंग फ्यूज बराबर हाय." आवरण निघाल्यानं दारात वायरींवर लोंबणाऱ्या बटनांच्या पट्टीचा प्लग त्यांनी काढला, वायरीचा एक तुकडा घेतला आणि प्लगमध्येच जोडून बघितला. काच सर्रकन वर गेली! "मोटरला काही तकलीफ न्हाई. जळली म्हणून कोन बोललं?"

"तो प्रोफेसर हाय!" अक्का आतून ओरडली.

हमीदभाईंनी मान खाली घालून स्क्रूड्रायव्हर उचलला. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी बटनांची पट्टी उघडली. आत वाळलेल्या कुंकवाचा थर होता आणि काच वर नेणाऱ्या बटनाखाली तांदळाचा एक लाल दाणा अडकला होता. त्यामुळं बटन ओढलं तरी आतली पत्री टेकतच नव्हती.

"साहेब, चाकाला कुंकू लावतात, स्टेअरिंगला लावतात. बटनाला लावलेली ही पैलीच गाडी बघून राहिलो."

माझे कान तापले. नांदेडला निघताना अक्कानं गाडीची पूजा केली होती. तिला दिसत नव्हतं, म्हणून तिचा हात धरून मीच तो बटनांवर नेला होता. "इथं लाव, सगळी जादू इथंच आहे!" असं म्हणालो होतो. तिनंही मनापासून ओलं कुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या.

"म्हंजे माह्यामुळं झालं व्हय रे?" दारात येऊन उभ्या राहिलेल्या अक्काचा चेहरा पडला.

"नाही गं. माझ्यामुळं झालं. जीपच बरी होती." मिरवण्यापायी मी तिचा डोळाच पणाला लावला होता.

हमीदभाईंनी पेट्रोलच्या बोळ्यानं पट्टी साफ केली आणि आवरण सुतळीनं बांधून दिलं. समोरच्या बूथवरून मी डॉक्टरांना फोन लावला. डोळा लाल आहे का, पाणी येतंय का, दुखतोय का, असं त्यांनी विचारलं. यातलं काही नव्हतं. थेंब टाका आणि सांभाळून न्या, असं ते म्हणाले. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आता अक्का पुढं, माझ्या शेजारी बसली. हिंगोलीच्या अलीकडं तिनं काळा चष्मा किंचित वर केला.

"त्या बाईचं लुगडं हिरवं हाय ना?"

मी बघितलं. "हो, हिरवंच."

"अन् बैलाचं शिंग निळं."

"निळंच, अक्का!" माझा आवाज जरा चढलाच.

मग ती माझ्याकडे वळली. बराच वेळ बघत राहिली.

"तुहे केस कधी पिकले रे?"

"झाली की चार वर्षं."

"अन् मला कोनी सांगितलं न्हाई?" तिनं हात लांब करून माझ्या डोक्यावरून फिरवला. मला समोरचा रस्ता नीट दिसेना.

परतताना पुण्यापर्यंत मी एकदाही बटनाला हात लावला नाही. चार वर्षं अक्का मला नुसत्या आवाजावरून ओळखत होती, आणि मी तिच्या दारात जाऊन काचा नाचवत होतो.

घरी पोचल्यावर बायकोनं विचारलं, "कसा आहे अक्कांचा डोळा?"

"चांगला आहे," मी म्हणालो. "माझं वय दिसलं तिला."